शेकापलीकडची फिजिओथेरपी



वेदनेवरच्या शारीरिक उपचारांविषयी भिलाईत बोलायचे तर पोलाद कारखान्याला वळसा घालून पुढे जाता येत नाही. १९५५ साली सोव्हिएत संघाशी या कारखान्याचा करार झाला, तेव्हा हा भाग ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. पुढे देशाच्या रेल्वेखालचे रूळ इथून जाऊ लागले, आणि आता तर जोडून तयार केलेले २६० मीटर लांबीचे रूळही निघतात. हे पोलाद ज्यांच्या कमरेतून, खांद्यांतून आणि गुडघ्यांतून आले त्यांच्या दुखण्याची नोंद मात्र कुठल्याच वहीत नीटशी सापडत नाही. १९४८चा कारखाने कायदा झाला तेव्हा त्याच्या ३४व्या कलमात इजा होईल इतके ओझे कोणाला उचलायला लावू नये असे लिहिले गेले. पण याच कायद्याच्या सूचित रोगांच्या यादीत सिलिकोसिस होता, शिशाची विषबाधा होती, आवाजाने येणारा बहिरेपणा होता, पाठदुखी नव्हती. जे दुखणे यादीत नाही ते कामगार अंगावर काढतो, औषधाच्या दुकानातून गोळी घेतो, आणि फारच झाले की आपल्याकडे, म्हणजे फिजिओथेरपिस्टकडे, येतो. आपण त्याला काय देतो, हा आजचा माझा विषय. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की जुनाट वेदनेवर फिजिओथेरपीचा उपयोग होतो, याला भक्कम पुरावा आहे. पण आपल्या बहुतेक दवाखान्यांत फिजिओथेरपी म्हणून जे विकले जाते त्याला तो पुरावा लागू होत नाही.

हे असे का झाले, ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. भारतात या व्यवसायाचे पहिले विद्यालय मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५२-५३च्या सुमारास, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने उभे राहिले, आणि त्यामागची निकड पोलिओची होती. लुळ्या पडलेल्या पायावर मूल उभे करायचे, हे काम. त्यात यंत्राला दुय्यम जागा होती. मुख्य होते रोजचे कष्ट, आईला शिकवणे, महिनोन्महिने चिकाटी. पुढे पोलिओ मागे हटला. १३ जानेवारी २०११ची हावड्यातली नोंद ही देशातल्या वन्य पोलिओच्या विषाणूची शेवटची. त्याची जागा आपल्या दारात वेदनेने घेतली: कंबर, मान, गुडघा, खांदा. रुग्णांची संख्या वाढली, प्रत्येकाला द्यायचा वेळ घटला, आणि पडद्याआड एकाच वेळी चार जणांना झोपवून शेक, करंट, अल्ट्रासाउंड, ट्रॅक्शन लावून ठेवण्याची पद्धत रूढ झाली. मूल चालते करणारी विद्या माणसाला खाटेवर निजवू लागली. वाईट हेतूने कोणी हे केले असे मी म्हणत नाही. पण ज्यासाठी हा व्यवसाय जन्माला आला त्याच्या नेमके उलटे काम आपण करू लागलो, हे मान्य करायला हवे.

पुरावा काय सांगतो ते पाहू. कंबरेत उसण भरली की झोपून राहा, हा सल्ला घराघरांत आजही दिला जातो आणि पूर्वी डॉक्टरही तोच देत. १९८६ साली अमेरिकेत २०३ रुग्णांवर झालेल्या चाचणीत दोन दिवसांची आणि सात दिवसांची विश्रांती यांची तुलना झाली. दुखणे बरे होण्यात फरक पडला नाही. कामावरची गैरहजेरी मात्र सरासरी ३.१ दिवस विरुद्ध ५.६ दिवस अशी निघाली. १९९५ साली हेलसिंकी महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवर याहून बोलकी चाचणी झाली. ताज्या पाठदुखीच्या १८६ जणांचे तीन गट केले: एकाला विश्रांती, दुसऱ्याला ठरावीक व्यायाम, तिसऱ्याला सोसवेल तेवढे रोजचे व्यवहार चालू ठेवा एवढाच सल्ला. सर्वांत लवकर सावरला तो तिसरा गट. ही चाचणी आपल्यालाही टोचते, कारण ताज्या दुखण्यात व्यायामाचा बडेजावही कामाचा नाही, असे ती सांगते. व्यायामाची खरी जागा दुखणे तीन महिन्यांपलीकडे रेंगाळल्यावर येते. त्याविषयी २०२१ साली कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्याचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २४९ चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. काहीच उपचार न घेणाऱ्या किंवा नेहमीचेच उपचार घेणाऱ्या रुग्णांच्या मानाने व्यायाम करणाऱ्यांची वेदना शंभराच्या मापावर सुमारे १५ गुणांनी कमी झाली. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत व्यायाम आणि रुग्णशिक्षण आहे, मसाज आणि मणक्यावरचे हाताचे उपचार आहेत. उलट ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंड, टेन्स म्हणजे करंटचे यंत्र आणि कमरेचा पट्टा नेहमीच्या उपचारात वापरू नयेत असे म्हटले आहे. आपल्या दवाखान्यातली यंत्रे आणि ही यादी शेजारी ठेवली की पुढचे काही बोलण्याची गरज उरत नाही.

हालचालीने वेदना कमी होते ती का? वेदना म्हणजे इजेचे मोजमाप नव्हे, हे यातले मूळ सूत्र. १९६५ साली मेलझॅक आणि वॉल यांनी मांडले की पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतच वेदनेच्या संदेशांना वाट देणारी आणि अडवणारी व्यवस्था असते, आणि तिच्यावर मेंदूचाही ताबा चालतो. त्यांच्या सिद्धांताचा तपशील पुढे बदलला, गाभा टिकला. दुखणे महिनोन्महिने राहिले की मज्जासंस्थाच हळवी होते. मग वाकणेसुद्धा धोक्याचे वाटू लागते, माणूस वाकायचे टाळतो, स्नायू क्षीण होतात, आणि थोड्याच श्रमाने पुन्हा दुखते. या फेऱ्यातून काढायचे तर शरीराला आणि मनाला, दोघांनाही, थोडे थोडे ओझे पुन्हा सोसायला शिकवावे लागते. इथेच एमआरआयचा कागद आडवा येतो. ‘मणक्यात गॅप आहे’, ‘नस दबली आहे’, ‘गुडघ्यातले वंगण संपले’ ही वाक्ये रुग्ण आयुष्यभर उराशी धरतो. पण २०१५ साली एकत्र केलेल्या ३३ अभ्यासांत, ज्यांना पाठदुखी नाही अशा ३,११० लोकांच्या चित्रांत, चकतीची झीज विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांना दिसली. म्हणजे झीज हे बहुधा केस पिकण्याइतकेच नैसर्गिक आहे. कागदावरचा शब्द वाचून ज्याने वाकणे सोडले, त्याचे निम्मे दुखणे आपणच वाढवले.

आता आक्षेप. पहिला असा की १५ गुणांचा फायदा तो केवढा? शस्त्रक्रियेने एकदाचा निकाल लागत नाही का? आक्षेप रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही. २०१५ साली डेन्मार्कमध्ये गुडघ्याच्या संधिवाताच्या १०० रुग्णांवर चाचणी झाली; सांधा बदललेल्यांची वेदना व्यायामवाल्यांपेक्षा निश्चितच जास्त कमी झाली. पण गंभीर उपद्रवही त्यांच्यातच जास्त झाले, आणि केवळ बिगरशस्त्रक्रिया उपचार घेणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोकांना वर्षभरात शस्त्रक्रिया करावीशी वाटली नाही. सायटिकाचेही तसेच. नेदरलँड्समधल्या २८३ रुग्णांच्या २००७ सालच्या चाचणीत लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांना आराम लवकर पडला, पण वर्षाअखेर दोन्ही गटांतले सुमारे ९५ टक्के बरे होते. म्हणून शस्त्रक्रिया वाईट असे कोणी म्हणू नये. ती दुसरी पायरी आहे, एवढेच. आणि गोळ्या? त्यांचाही फायदा बेताचाच, तोटे मात्र खरे. भट्टीजवळ घामाने पाणी गमावलेल्या माणसाने रोज डायक्लोफेनॅक घेणे म्हणजे मूत्रपिंडाशी खेळ. जनावरांसाठीचे हेच औषध गिधाडे मरतात म्हणून २००६ साली आपल्या देशात बंद झाले. माणसाच्या बाबतीत एवढी तत्परता दिसली नाही. बेताचा पण फारसा धोका नसलेला आणि रुग्णाच्या स्वतःच्या हातात राहणारा फायदा, हे व्यायामाचे खरे मोल आहे.

दुसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो कामगाराच्या तोंडून येतो: आठ तास राबतोच आहे, अजून व्यायाम कसला सांगता? आपण याचे उत्तर सहसा हसून देतो, ते अयोग्य आहे. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी गेल्या काही वर्षांत दाखवले आहे की कामावरची मेहनत आणि फुरसतीतला व्यायाम यांचे परिणाम सारखे नसतात. कामावर वेग दुसऱ्याचा असतो, तीच हालचाल शेकडो वेळा होते, शरीर अवघडलेले असते आणि सावरायला उसंत नसते. क्रेनच्या केबिनमधला ऑपरेटर पूर्ण पाळी मान खाली घालून बघत असतो. दुरुस्तीवरचा फिटर मान वर करून हात डोक्याच्या वर धरतो. कोक ओव्हनजवळ माणूस उष्णतेपासून अंग चोरत काम उरकतो. कारखान्याच्या कुंपणाबाहेर धानाची रोवणी करणाऱ्या बाया पाण्यात दिवसभर ओणव्या असतात. यांना ताकद नाही असे नाही. यांच्या कामात नसलेली हालचाल, नसलेला वेग आणि नसलेली विश्रांती त्यांना द्यायची असते. मान खाली घालणाऱ्याला पाठीचे वरचे स्नायू बळकट करणारे तीनच व्यायाम द्यावेत, छापील कागदावरचे बारा नव्हे. आणि व्यायामाइतकेच काम बदलणे गरजेचे आहे: ओझ्याची उंची, पाळीतली छोटी विश्रांती, सुट्टीनंतर एकदम पूर्ण ड्युटी न देता दोन आठवडे वाढत्या क्रमाने दिलेले काम. हे ज्याला ठरवायचे आहे त्याने शॉपमध्ये जाऊन ते काम डोळ्यांनी पाहिलेले असले पाहिजे. दवाखान्यात बसून लिहिलेली ‘लाइट ड्युटी’ ठेका मजुराच्या बाबतीत बहुधा बिनपगारी सुट्टी ठरते, आणि ते माहीत असल्यामुळे तो दुखणे सांगतच नाही. कायम कामगार कमी होत गेले आणि ठेक्यावरचे वाढले, या बदलाचा हिशेब आपल्या शास्त्राने अजून केलेला नाही.

तिसऱ्या शंकेचे उत्तर लवकर देता येईल. हालचाल सांगताना एखादा गंभीर आजार नजरेतून सुटला तर? सुटू नये, म्हणूनच तपासणी आहे. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, ताप, घटणारे वजन, पायातली वाढती अशक्तता, लघवीवरचा ताबा जाणे, पूर्वीचा कर्करोग, मणक्याचा क्षय: अशा वेळी व्यायाम थांबवून डॉक्टरकडे पाठवायचे. छत्तीसगड आणि पूर्व विदर्भात यात सिकलसेलची भर घाला. तरुणाचा खुबा दुखतो, तेव्हा खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तर तुटला नाही ना, हे पाहिल्याशिवाय त्याला उठाबशा सांगू नयेत. आणि सिकलसेलच्या तीव्र वेदनेत बर्फाचा शेक तर कधीच नको, थंडीने रक्तवाहिन्या आणखी आक्रसतात.

उरतो व्यवहाराचा आक्षेप. यंत्र लावले नाही तर रुग्ण येणारच नाही, असे आपले तरुण सहकारी म्हणतात, आणि कर्ज काढून दवाखाना थाटलेल्याला यंत्रे बाजूला ठेव असे इथून सांगणे सोपे आहे. पण रुग्ण अडाणी असतो म्हणून यंत्र मागतो, हे गृहीतक इथून फार दूर नसलेल्या दल्ली राजहरात खोटे ठरले आहे. भिलाईला लोहखनिज पुरवणाऱ्या त्या खाणींतल्या मजुरांनी, कामगार नेते शंकर गुहा नियोगींच्या संघटनेतून, १९८३ साली स्वतःच्या वर्गणीने आणि श्रमाने शहीद रुग्णालय उभारले. विनाकारण दिली जाणारी इंजेक्शने आणि सलाइन यांविरुद्ध तिथे मजुरांमध्येच प्रचार झाला. ज्या माणसाला सुई म्हणजेच उपचार वाटत होता, त्याला कारण समजावून सांगितले की त्याने ते स्वीकारले. मग करंटशिवायची फिजिओथेरपी तो स्वीकारणार नाही, असे आपण कशावरून म्हणतो? आपण समजावून सांगायला वेळ दिला का, हा प्रश्न आधी विचारायला हवा. २०२१ साली संमत झालेल्या राष्ट्रीय कायद्याने फिजिओथेरपीला स्वतंत्र व्यावसायिक दर्जा दिला आहे. दर्जा मागताना आपण शास्त्राचा दाखला दिला होता. आता दवाखान्यातही तोच दाखला पाळावा लागेल.

म्हणून या परिषदेकडे माझ्या काही विनंत्या आहेत. सदस्यांनी जुनाट वेदनेच्या रुग्णाची पहिली भेट किमान अर्ध्या तासाची ठेवावी, आणि यंत्राचे वेगळे बिल लावणे बंद करावे. अस्थिरोगतज्ज्ञांनी एमआरआयच्या अहवालाबरोबर ‘वयानुसार अपेक्षित झीज’ असे एक वाक्य लिहून द्यावे. भिलाईच्या नेहरू रुग्णालयासारख्या मोठ्या संस्थांनी कोणत्या शॉपमधून कोणते दुखणे येते याची नोंद ठेवावी आणि ती प्रसिद्ध करावी, कारण पोलादाच्या कारखान्यातल्या वेदनेविषयी इथल्याइतका अभ्यास दुसरीकडे क्वचितच होऊ शकेल. आणि उद्या जो ठराव मांडला जाईल, त्यात कायम कामगारांबरोबर ठेका मजुरांचाही स्पष्ट उल्लेख असावा, त्यांच्या वाढत्या क्रमाच्या ड्युटीचा पगार कापला जाऊ नये ही मागणी त्यात असावी, अशी आपणा सर्वांना विनंती करून मी माझे भाषण संपवतो.