आधी हात, मग फोन



२८ ऑगस्ट २०२४ ची गोष्ट. जळगाव जिल्ह्यातले एक वयस्कर चाचा धुळे-मुंबई एक्सप्रेसने कल्याणला लेकीकडे निघाले होते. जवळ गोमांस असल्याच्या संशयावरून इगतपुरीच्या आसपास तरुणांनी त्यांना मारलं. डब्यात मोबाइलवर चित्रण झालं. आपण ते पाहिलं, चिडलो आणि पुढे पाठवलं.

तुम्ही म्हणाल, व्हिडिओ होता म्हणूनच गुन्हा दाखल झाला. खरं आहे. पण पुरावा नंतर कामाला येतो. मार थांबवायला त्या क्षणी माणूस उठावा लागतो.

आता माझं सांगतो. दोन वर्षांपूर्वी सुप्याजवळ एक दुचाकी घसरली. मी थांबलो आणि पहिल्यांदा फोन काढला, तोही शूटिंगसाठी! टपरीवरचे चाचा पळत आले, खांद्यावरचा गमछा जखमेवर दाबला आणि मला ओरडले, "अरे बेटा, १०८ ला लाव ना!" फोन माझ्याच हातात होता. आजही लाज वाटते.

वाईट दिसलं तर आधी हाताने थांबवा, नाही तर तोंडाने, हे आपण मदरशात शिकलो. त्या क्रमात शूटिंग कुठेच नाही.

२७ जून २०२३ ला पुण्यात सदाशिव पेठेत एका मुलीवर कोयत्याने हल्ला झाला. लेशपाल जवळगे या स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्याने तो कोयता धरला. तीही वाचली.

प्रत्येकाने कोयत्यासमोर जावं, असं मी म्हणत नाही. पण गर्दीत सगळे एकमेकांकडे बघतात. तुम्ही एकाकडे बोट दाखवा, "दादा, तुम्ही माझ्याबरोबर चला." दोघं उठले की तिसरा उठतो. रेल्वेत १३९, बाहेर ११२ लावा. हे झाल्यावर दुसऱ्याला शूटिंग करू द्या आणि ते ग्रुपवर नाही, पोलिसांना द्या. मार खाणाऱ्यालाही लेकरं असतात, तीही व्हॉट्सअ‍ॅप बघतात.

"मदत केली तर आपणच अडकू," ही भीती आपल्या मुलांना जास्त असते. अपघातात तरी कायदा तुमच्या बाजूने आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ नुसार जखमीला प्रामाणिकपणे मदत करणाऱ्यावर कारवाई होत नाही. नाव सांगायचीही सक्ती नाही.

आत्ता फोन काढा. तिन्ही नंबर सेव्ह करा. मी थांबतो.