नाव असलेलं गवत
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजक म्हणाले होते, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, संगणकावर काहीतरी बोल." पण इथे श्रीपुरात उभं राहून मला आपल्या जिल्ह्यातल्या एका लेखकाबद्दल बोलावंसं वाटतं. ते म्हणजे मारुती चितमपल्ली.

त्यांचा जन्म १९३२ सालचा, सोलापूरचा. कोईमतूरला वनशिक्षण घेऊन ते वनखात्यात गेले आणि नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट अशा रानांत त्यांनी आयुष्य काढलं. 'पक्षी जाय दिगंतरा', 'रानवाटा', 'चकवाचांदण' ही पुस्तकं आपल्यापैकी अनेकांनी वाचली असतील. २००६ साली सोलापुरात साहित्य संमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष तेच होते. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला सोलापुरातच ते गेले.

वनाधिकारी म्हणून त्यांनी रानं राखली. पण त्यांचं दुसरं काम मला तितकंच मोठं वाटतं. ते शब्द गोळा करत. ढीवर, गोंड, गुराखी, ज्याला जे माहीत असेल त्याच्याकडून ते नावं शिकले आणि कोशांत लिहून ठेवली. जिथे शब्द नव्हता तिथे त्यांनी तो दिला. कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार', बगळ्यांच्या वसाहतीला 'सारंगागार'.

नावाने काय होतं, असं कुणी विचारेल. माझ्या कामात रोज अनुभव येतो, की ज्याला नाव नाही ते शोधता येत नाही, मोजता येत नाही आणि पुसलं गेलं तरी कुणाला कळत नाही. रानाचंही तसंच आहे. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ सालचं. माळढोकाला मोकळा गवताळ माळ लागतो. पण सरकारी कागदांवर असे माळ बहुधा 'पडीक' म्हणून लागले. पडीक म्हटलं की ती जमीन नांगरायला, तिथे झाडं लावायला, काहीही उभारायला मोकळी. आज नान्नजला माळढोक दिसला तर त्याची बातमी होते.

हे आपल्या बांधावरही घडलंय. माझी आजी गवत नावानं ओळखायची. कुंदा दिसला की मुळासकट खणायची, मारवेल म्हशीसाठी राखायची. हराळी, लव्हाळा, पवन्या, प्रत्येकाशी तिचं वेगळं नातं होतं. ती गेली आणि आमच्या घरात या सगळ्याचं एकच नाव उरलं, 'तण'. तणाला एकच उपाय असतो, फवारणी. आता उसाच्या सरीपासून बांधापर्यंत सगळं एकदम जळतं. कुंदाही जातो आणि मारवेलही. माझी मुलगी पुण्यात वाढली. तिला झाडं आवडतात, पक्षी आवडतात. पण तिच्याकडे शब्द दोनच आहेत, 'झाड' आणि 'पक्षी'.

चितमपल्ली आता नाहीत, त्यांची पुस्तकं आहेत. पण श्रीपूरच्या ओढ्याकाठची, कालव्यावरची, माळावरची नावं त्या पुस्तकांत सगळी सापडणार नाहीत. ती या सभागृहात बसलेल्या तुमच्यापैकी काहींकडे आहेत, तुमच्या आईवडिलांकडे आहेत. भारद्वाजाला कुणाच्या घरी कुंभारकुकडा म्हणतात, कुणाच्या घरी सोनकावळा. टिटवीनं अंडी कुठं घातली यावरून पाऊस कसा ओळखायचा, हे सांगणारी माणसं अजून आहेत. किती वर्षं असतील?

म्हणून एक विनंती. मी एक कोरी वही आणली आहे, मागच्या टेबलावर आहे. जेवणानंतर प्रत्येकानं त्यात निदान पाच नावं लिहावीत. झाड, गवत, पाखरू, काहीही. शेजारी गाव लिहा आणि ते नाव कुणाकडून ऐकलं तेही लिहा. ज्यांना लिहिता येणार नाही त्यांनी फोनवर बोलून पाठवा, टंकून घेण्याचं काम माझं. पुढच्या मेळाव्याच्या आत त्याची छोटी पुस्तिका करून शाळेच्या ग्रंथालयात देऊ. बाई, सर, सुरुवात तुमच्यापासून करूया. पहिलं पान मी मोकळं ठेवलंय.