त्वचेची निगा : एक साधे नित्यकर्म

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



विद्यार्थ्यांचा सत्कार, वसतिगृहाचा निधी, वधूवर-सूचक मंडळाचा अहवाल हे या व्यासपीठाचे नेहमीचे विषय. त्यांच्या पंक्तीत त्वचेची निगा हा विषय आलेला पाहून काहींना नवल वाटेल. तोंड कसे धुवावे हे सांगण्यास एका निवृत्त शिक्षकाने उभे राहावे काय, असेही कोणी म्हणेल. परंतु आमच्या पाहण्यात असे येते की, मुलीच्या पुस्तकांसाठी ज्या घरात हात आखडतो, त्याच घरात तिचे लग्न जमावे म्हणून तिच्या तोंडाला नाना तऱ्हेची मलमे चोळली जातात. त्यांपैकी काही मलमे तर त्वचेची मोठीच हानी करतात. म्हणून रोजची निगा किती थोडक्यात होते आणि कोणत्या गोष्टींपासून दूर राहावे, हे दोन मुद्दे आज आपल्यापुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम त्वचा म्हणजे काय ते पाहू. त्वचा हे आपल्या शरीराचे सर्वांत मोठे इंद्रिय होय. तिचा अगदी वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. मृत पेशी या विटा आणि त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्ये हा चुना. ही भिंत शाबूत असेल तर आतला ओलावा आत राहतो व बाहेरचे जंतू बाहेर राहतात. भिंतीचा चुना निघाला की त्वचा कोरडी पडते, खाजते, चरचरते. वरच्या थरातील पेशी झडून त्यांच्या जागी नव्या येण्यास सुमारे चार आठवडे लागतात. तेव्हा रोजच्या निगेचा हेतू एवढाच, की ही भिंत मोडू नये आणि तिला आपले काम करू द्यावे.

त्याकरिता तीन कर्मे पुरेशी आहेत : धुणे, ओलावा राखणे आणि उन्हापासून जपणे.

पहिले कर्म धुण्याचे. अंगाच्या सामान्य साबणाचा सामू ९ ते १० च्या आसपास असतो, तर निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी, म्हणजे साधारणतः ५ सामूची असते. त्यामुळे तोंडाला वारंवार साबण चोळला म्हणजे मळाबरोबर भिंतीचा चुनाही निघून जातो. तोंड दिवसातून दोनदा, आणि फार घाम आल्यास आणखी एकदा, साध्या किंवा कोमट पाण्याने धुवावे. कढत पाणी नको. साबणाऐवजी सौम्य फेसवॉश वापरावा, तोही मुख्यतः रात्री. कारण दिवसभराची धूळ, घाम आणि तेल तेव्हा उतरवायचे असते. ज्यांची त्वचा कोरडी आहे त्यांनी सकाळी नुसत्या पाण्याने तोंड धुतले तरी भागते. धुतल्यावर पंचाने खसाखसा पुसू नये, हलकेच टिपावे.

दुसरे कर्म ओलाव्याचे. तोंड जरासे दमट असतानाच मॉइश्चरायझर लावावे. त्यातील ग्लिसरिनसारखी द्रव्ये पाणी धरून ठेवतात आणि पेट्रोलियम जेलीसारखी द्रव्ये वरून झाकण घालून ते उडू देत नाहीत. कोकणच्या दमट हवेत पातळ लोशन किंवा जेल पुरते. विदर्भ-खानदेशच्या कोरड्या थंडीत जाड क्रीम लागते. सुगंधाचा सोस नसावा, कारण सुगंधी द्रव्ये पुष्कळांच्या त्वचेला सोसत नाहीत. भांडी घासून हात कोरडे पडलेल्या भगिनींनी आणि टाचांना भेगा पडलेल्या वडीलधाऱ्यांनी रात्री निजताना साधी पेट्रोलियम जेली लावावी. तिच्याइतके स्वस्त व निरुपद्रवी औषध क्वचितच सापडेल. दिवाळीत अभ्यंगस्नानाच्या आधी अंगाला तेल लावण्याची आपली रीतही याच तत्त्वावर आधारलेली आहे. मात्र ज्यांना मुरमे येतात त्यांनी तोंडाला तेल लावू नये.

तिसरे कर्म उन्हापासून जपण्याचे. अकाली सुरकुत्या आणि चेहऱ्यावरचे काळे डाग यांना वाढत्या वयापेक्षा ऊनच अधिक कारणीभूत असते. सकाळी बाहेर पडण्यापूर्वी एस.पी.एफ. ३० किंवा त्याहून अधिक क्रमांकाचे सनस्क्रीन लावावे. तर्जनी व मधले बोट यांवर उभ्या ओढलेल्या दोन रेघा, इतके प्रमाण तोंडास व मानेस लागते. वाटाण्याएवढा ठिपका लावून काही साधत नाही. सतत उन्हात असणाऱ्याने दर दोन तासांनी ते पुन्हा लावावे. ज्यांना हा खर्च झेपत नाही त्यांनी छत्री, ओढणी, उपरणे किंवा रुंद कडेची टोपी वापरावी. आपल्या गांधी टोपीने डोके झाकते, पण कान आणि मान उघडीच राहतात, हे शेतावर जाणाऱ्या बंधूंनी ध्यानात घ्यावे. हे नित्यकर्म केवळ स्त्रियांचे आहे असा समज कोणी करून घेऊ नये. मोटारसायकलवर तासन् तास हिंडणाऱ्या तरुणास त्याची गरज बहिणीहून अधिकच आहे.

सारांश, सकाळी धुणे, ओलावा व सनस्क्रीन. रात्री धुणे व ओलावा. पाच मिनिटांचे काम आणि तीन वस्तू. नवशिक्याने याहून अधिक काही घेऊ नये. नवी वस्तू आणली तर एका वेळी एकच आणावी, आणि प्रथम ती कोपराच्या आतील बाजूस चार-पाच दिवस लावून पाहावी. पुरळ उठले नाही तर मग तोंडास लावावी. गुण येण्यास निदान चार ते सहा आठवडे लागतात. आठ दिवसांत बाटली बदलणाऱ्यास कशाचाच गुण येत नाही.

घरगुती उपायांविषयी आम्हांस नेहमी विचारले जाते. उटणे ही सणाची आनंदाची गोष्ट आहे, ती तशीच राहावी. पण डाळीच्या पिठाने रोज तोंड घासल्यास त्वचा सोलवटते. लिंबू तर तोंडास मुळीच लावू नये. त्याचा रस तीव्र आम्ल आहे, आणि तो लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजून फोड येतात व मागे काळे डाग राहतात. जे पोटात अमृत ते तोंडावरही अमृत, असा नियम नाही. मुरमांविषयीही एक शब्द. वयात येताना त्वचेतील तेलाच्या ग्रंथी अधिक काम करू लागतात, छिद्रे बुजतात आणि मुरमे उठतात. हा मुलांच्या अस्वच्छतेचा दोष नव्हे. त्यांना टोचून बोलू नये आणि मुरमे फोडू देऊ नयेत. ती फार असतील तर त्वचारोगतज्ज्ञाकडे न्यावे; त्यावर चांगले उपचार आहेत.

आता मुख्य धोक्याकडे वळू. गोरेपणासाठी म्हणून शेजारीण सांगते, ओळखीचा दुकानदार देतो, अशा कित्येक मलमांत स्टेरॉइड असते. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावे वाचण्यास प्रत्येक घरातील शिकलेल्या मुलाने शिकावे. योग्य रोगावर, योग्य मुदतीपर्यंत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ही उत्तम औषधे आहेत. पण क्रीम म्हणून ती महिनोन् महिने तोंडास चोळली तर काय होते ? आरंभी चेहरा उजळल्यासारखा दिसतो. पुढे त्वचा पातळ होते, लाल पडते, उन्हात आग होते, मुरमे येतात, नको तेथे केस उगवतात. आणि मलम थांबविले की दाह दुणावतो, म्हणून ते सोडवत नाही. नायट्यावर असे मिश्र मलम लावल्यास खाज थांबते, पण बुरशी पसरतच राहते. केंद्र सरकारने २०१८ साली अशी चौदा स्टेरॉइडे अनुसूची ‘एच’मध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीवाचून ती विकण्यास मनाई झाली. तथापि कायद्याचा हात प्रत्येक दुकानापर्यंत पोचत नाही. तेथे आपणच जागे असावयास हवे. जे असे मलम आधीपासून वापरीत असतील त्यांनी आपल्या मनाने एकाएकी न सोडता त्वचारोगतज्ज्ञास दाखवावे.

याहूनही भयंकर म्हणजे पारा मिसळलेली क्रीमे. पारा त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडे बिघडवतो. आपल्या देशात सौंदर्यप्रसाधनांत पारा घालण्यास बंदी आहे. तरीही चोरट्या मार्गाने असा माल येतो. ज्या डबीवर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नाही ती फुकट मिळाली तरी घरात आणू नये.

हे सर्व कशापायी ? गोऱ्या रंगापायी. काळ्या-गोऱ्या माणसांच्या त्वचेत रंग तयार करणाऱ्या पेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. भेद असतो तो त्या पेशी किती व कोणत्या प्रकारचे रंगद्रव्य तयार करतात यात, आणि हे रंगद्रव्य उन्हाच्या माऱ्यापासून आपले रक्षण करते. ते खरवडून काढू पाहणे म्हणजे घराचे छप्पर काढून टाकण्यासारखे आहे. १९७५ साली बाजारात आलेल्या एका सुप्रसिद्ध क्रीमने २०२० साली आपल्या नावातून गोरेपणाचा शब्द गाळला. व्यापाऱ्याला जे करणे भाग पडले ते आपण मात्र करीत नाही. सावळ्या विठ्ठलासमोर आपण हात जोडतो आणि सावळी सून सांगून आली की पत्रिका जुळत नाही म्हणतो !

आपल्या मंडळाच्या छापील वधूवर-नोंदणी अर्जात ‘वर्ण’ असा एक रकाना आहे व त्यापुढे गोरा, निमगोरा, सावळा असे पर्याय दिले आहेत. शिक्षण, व्यवसाय, प्रकृती यांच्या बरोबरीने आपण रंगाचा हिशेब मागतो, आणि मग कोणी लेक चोरून मलम चोळते याचे आश्चर्य करतो. तो अर्ज आपणच छापला आहे. तेव्हा तो बदलणेही आपल्याच हाती आहे. पुढील छपाईपासून हा रकाना काढून टाकावा, अशी सूचना आम्ही या सभेपुढे नम्रपणे मांडीत आहोत. तिचा विचार कार्यकारी मंडळाने येत्या बैठकीत करावा. मातापित्यांनी तर बैठकीची वाट पाहण्याचे कारण नाही. त्यांनी आज घरी जाताच आपल्या लेकीच्या कपाटातील डबीवरची नावे तिच्यासमवेत बसून वाचावीत.

त्वचा निरोगी असावी, स्वच्छ असावी, ती ज्या रंगाची असेल त्या रंगाची असावी, इतकेच आमचे मागणे आहे.