गाडी कुणाच्या नावावर?

(तालुक्याच्या महिला मेळाव्यात केलेलं भाषण)



स्त्री आणि मालमत्ता म्हटलं की आपण घराबद्दल आणि जमिनीबद्दल बोलतो. सातबाऱ्यावर बाईचं नाव लागावं म्हणून आपण तलाठ्याकडे किती खेटे घातले! आज मी दारात उभ्या असलेल्या मालमत्तेबद्दल बोलणार आहे. आमच्या जुन्या डिझेल गाडीबद्दल.

१९९८ साली टाटांची इंडिका आली आणि डिझेलची छोटी मोटार मध्यमवर्गीय घरांच्या आवाक्यात आली. डिझेल तेव्हा पेट्रोलपेक्षा पुष्कळ स्वस्त होतं. आमच्या घरी गाडी आली २००७ मध्ये. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही. सगळ्यात साधं मॉडेल, काचा हाताने फिरवायच्या, स्टिअरिंग जड. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. कर्ज तिने शिक्षकांच्या पतपेढीतून काढलं, हप्ते पाच वर्षं तिच्याच पगारातून कापले गेले. गाडी मात्र बाबांच्या नावावर झाली. कुणी ठरवलं? कुणीच नाही. कागद भरताना 'साहेबांचं नाव सांगा' असं विचारलं गेलं आणि ते आईनेच सांगितलं.

बाबा गाडी चालवायचे, आई गाडी सांभाळायची. ऑइल कधी बदललं, क्लच प्लेट कधी टाकली, विमा कधी संपतो, सगळं एका शंभर पानी वहीत तिच्या अक्षरात. थंडीत हीटरचा दिवा विझल्याशिवाय स्टार्टर मारायचा नाही, टाकी कोरडी पडू द्यायची नाही, नाहीतर डिझेलच्या लाइनमध्ये हवा धरते, हे मला तिने शिकवलं. तिला स्वतःला गाडी चालवता येत नाही.

२०१८ मध्ये बाबा गेले. तेराव्यालाच काका म्हणाले, "गाडी आता दादाची." दादाला ती एक्स्चेंजमध्ये देऊन नवी घ्यायची होती. मी एमएसडब्ल्यू झालेली, रोज इतर बायकांना वारसाहक्क समजावणारी. पण त्या दिवशी मी गप्प बसले. आई आत गेली आणि वही आणून काकांपुढे ठेवली. "भाऊजी, हा अकरा वर्षांचा हिशेब. गाडी मी देणार नाही."

१९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र नसेल तर पुरुषामागे त्याची पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असेल तर आई यांना सारखा वाटा मिळतो. हा नियम गाडीलाही लागू आहे. आमची आजी आधीच गेलेली. म्हणजे वाटे तीन. हप्ते आईने भरले, तरी आरसी बुकात नाव बाबांचं. त्यामुळे आम्हा दोघा भावंडांचं संमतीचं प्रतिज्ञापत्र लागलं. मी लगेच सही केली. दादाने दोन महिन्यांनी केली. त्या दिवाळीला तो घरी आला नाही. हेही सांगितलं पाहिजे. हक्क मागताना नाती ताणली जातात, आणि ते सोसावं लागतं बाईलाच.

आता कामाच्या गोष्टी. मालक वारला तर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी नावावर करून घ्यायची. विम्यावरचं नावही बदलायचं. २०२१ पासून आरसीवर नॉमिनी नोंदवता येतो, तो नोंदवा. आणखी एक. विम्यातलं मालक-चालकाचं अपघात संरक्षण हे ज्याच्या नावावर गाडी आणि ज्याच्याकडे परवाना, त्यालाच मिळतं. आमच्याकडे आई मालक, तिला परवाना नाही. मी चालवते, पण मालक नाही. म्हणून मी अपघात विमा वेगळा काढला. तुमच्यापैकी कितीजणी नवऱ्याच्या नावावरची गाडी रोज चालवतात? आज घरी जाऊन पॉलिसी वाचा.

रात्री-अपरात्री मार खाऊन घराबाहेर पडलेल्या बाईला ग्रामीण रुग्णालयात, मग पोलीस ठाण्यात न्यायचं तर शेवटची एसटी कधीच गेलेली असते. अशा कितीतरी रात्री ही गाडी धावली आहे, आणि ती न्यायला मला कुणाची परवानगी मागावी लागली नाही. नाव आईचं असल्याचा अर्थ मला तेव्हा कळला.

२०२२ मध्ये गाडीची पंधरा वर्षं भरली. त्याच वर्षी १ एप्रिलपासून नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क ६०० वरून ५००० रुपये झालं होतं. आईने ते भरलं, वहीत लिहिलं. आता मुदत २०२७ पर्यंत. त्यानंतर ही गाडी ठेवायची नाही, असं आम्ही ठरवलं आहे. डिझेलच्या धुरामुळे कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केलं. दर सहा महिन्यांनी पीयूसी काढलं तरी आमच्या गल्लीतली पोरं तोच धूर घेतात. आपली सोय झाली म्हणून हे विसरता येत नाही.

पुढची गाडी कोणती, हे ठरलेलं नाही. पण कागद भरताना नाव विचारलं जाईल तेव्हा काय सांगायचं, ते ठरलं आहे. तुमच्या घरी ते कोण सांगतं, आणि हप्ता कोण भरतं? एवढं एकदा ताडून पाहा.