खिडकीतलं ऊन आणि "वय झालं"



मी जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट केली आहे, त्यामुळे आज जे सांगणार आहे ते सांगताना थोडी शरम वाटते. माझी आई आमच्याकडे इथे मिल्टन कीन्सलाच असते. एके काळी रेडवेने विलन लेकपर्यंत चालत जाणारी ही बाई गुडघ्यांमुळे दोन वर्षं घरातच आहे. हळूहळू पायांना मुंग्या येऊ लागल्या, खुर्चीतून उठताना हात टेकावे लागू लागले, नावं आठवेनात. आम्ही म्हणालो, वय झालं. शेवटी रक्त तपासलं, तर ड जीवनसत्त्व आणि बी-12 दोन्ही फार कमी.

आई रोज बंद खिडकीपाशी उन्हात बसायची आणि आम्ही निश्चिंत होतो. ड जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील किरण काच अडवते, हे मी परीक्षेत लिहिलं होतं, घरी विसरले. त्यात आपण 52 अक्षांशावर. ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत इथलं बाहेरचं ऊनही पुरत नाही, आणि सावळ्या त्वचेला एरवीही जास्त ऊन लागतं. ग्लासगोतल्या आशियाई कुटुंबांतला मुडदूस आणि मोठ्यांची मऊ पडणारी हाडं यांवर 'स्कॉटिश मेडिकल जर्नल'मध्ये 1962 सालीच लेख आला होता. घराबाहेर न पडणाऱ्यांनी रोज 10 मायक्रोग्रॅम, म्हणजे 400 युनिट, बाराही महिने घ्यावं, हा इथला सरकारी सल्ला 2016 पासूनचा आहे.

बी-12 ची गोष्ट तर आपण गावाहूनच घेऊन येतो. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे परिसरातल्या 441 पुरुषांचं रक्त तपासलं, त्यात 67 टक्क्यांमध्ये ते कमी निघालं (2006). शाकाहाऱ्याला ते मुख्यतः दूधदह्यातून मिळतं, आणि आईचं दूध चहापुरतं उरलं होतं. शिवाय मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि आम्लपित्ताची ओमेप्राझोल, दोन्हींनी बी-12 कमी होऊ शकतं. आपल्या किती आईवडिलांच्या डब्यात या दोन्ही गोळ्या आहेत! उशीर झाला तर नसांची हानी भरून येत नाही, म्हणून मुंग्या आल्या की डॉक्टरांकडे तपासणी मागा. नुसत्या दुकानी गोळ्यांवर थांबू नका.

दुकानी गोळ्यांचं आमच्याकडे एक कपाटच होतं. येणारा प्रत्येक पाहुणा काहीतरी "नैसर्गिक" आणतो. बॉस्टन परिसरातल्या दुकानांतली 70 आयुर्वेदिक उत्पादनं तपासली तेव्हा 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं (2004). आई थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम सकाळी एकत्रच घ्यायची. कॅल्शियममुळे ती गोळी नीट शोषली जात नाही. दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. हे आम्हाला फार्मसिस्टने सांगितलं, मी नव्हे.

ड-3 बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून करतात, म्हणून मी आईसाठी लायकेनपासून केलेलं शोधत होते. ती म्हणाली, "अगं, स्वेटर घालतेच ना मी!"

खरं अवघड आहे ते जेवण. एकटं माणूस दुपारी चहा-खारीवर भागवतं, आणि स्नायूंना प्रथिनं लागतात. आता तिच्या ताटात घट्ट वरण, दही आणि पनीर असतं, आणि दुपारी कुणीतरी सोबत बसतं. कपाटातल्या कुठल्याही बाटलीपेक्षा याचा उपयोग जास्त झाला, असं माझं मत आहे.

इंजेक्शनं सुरू झाल्यावर नावं बरीचशी परत आली. जिना ती दिवसातून एकदा चढते. मुंग्या मात्र रात्री अजून येतात, आणि विचारलं तरच सांगते.