वाहनांची मोजदाद आणि घरगुती गणकयंत्राची निगा



वर्धा शहराला लागून असलेल्या नालवाडीस मोजमापाची परंपरा नवी नाही. १९३२ च्या अखेरीस आचार्य विनोबा भावे या गावी राहावयास आले आणि १९३८ मध्ये पवनारला जाईपर्यंत त्यांचा मुक्काम येथे होता. सूतकताईच्या मजुरीवर माणसाचा निर्वाह होऊ शकतो काय, हे त्यांनी येथे स्वतः सूत कातून पडताळून पाहिले. अशा पडताळणीचा आधार मोजणी हाच असतो. खादीच्या व्यवहारात त्या काळी चार फुटांचा एक तार आणि ६४० तारांची एक गुंडी धरीत. फाळक्याचा एक फेरा म्हणजे एक तार. हा फेरा पावणेचार फुटांचा झाला, तरी तारांची संख्या तीच दिसते. सूत मात्र कमी भरते. मोजणारा प्रामाणिक असूनही हिशेब चुकतो, कारण मापच बदललेले असते.

रस्त्यावरील वाहने मोजणाऱ्या लहान, घरी जुळविलेल्या यंत्रांच्या बाबतीत आज हाच प्रश्न उपस्थित होतो.

मोजणी कशासाठी?

रस्त्यांच्या नियोजनाचा इतिहास या भागाशी निगडित आहे. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९२८ मध्ये देशातील रस्त्यांविषयी आपला अहवाल सादर केला. १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था स्थापन झाली. १९४३ मध्ये मुख्य अभियंत्यांची परिषद नागपूर येथे भरली आणि महामार्ग, जिल्हा मार्ग व ग्रामरस्ते अशी वर्गवारी करणारी ‘नागपूर योजना’ तीतून साकार झाली.

रस्ता किती रुंद असावा, त्याचा थर किती जाड असावा आणि शाळेसमोर कोणती व्यवस्था करावी, हे ठरविताना वाहनसंख्या हा एक मुख्य आधार असतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९७२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ग्रामीण रस्त्यांवरील मोजणी वर्षातून किमान दोनदा, सलग सात दिवस, अहोरात्र करावयाची असते. त्यांपैकी एक मोजणी सुगीच्या व बाजाराच्या हंगामात आणि दुसरी मंदीच्या काळात अपेक्षित आहे. चार उभ्या रेघा आणि त्यांवर पाचवी आडवी, या पद्धतीने कर्मचारी वाहने नोंदवीत आले आहेत.

सर्व वाहने सारखी मानली जात नाहीत. १९९० च्या सूचनांमध्ये मोटारगाडीस १, मालमोटार व बस यांस ३, ट्रेलरसह ट्रॅक्टरला ४.५ आणि मोठ्या बैलगाडीस ८ असा भार दिला आहे. बैलगाडी वजनाने जड म्हणून नव्हे, तर ती संथ चालते आणि मागची वाहने अडवून धरते म्हणून हा आकडा मोठा आहे. कापसाच्या हंगामात वर्धा जिल्ह्यातील रस्त्यांवर याचा प्रत्यय येतो.

घरगुती यंत्र

२०१९ मध्ये बेल्जियम या देशात नागरिकांनीच वाहने मोजण्याचा ‘टेलराम’ नावाचा उपक्रम सुरू झाला. तेथील भाषेत या शब्दाचा अर्थ मणी सरकवून मोजण्याची चौकट असा आहे. तळहाताएवढा रास्पबेरी पाय संगणक आणि एक छोटा कॅमेरा घराच्या खिडकीत रस्त्याकडे तोंड करून बसवावयाचा, अशी त्याच्या पहिल्या यंत्राची रचना होती. ते केवळ दिवसाच्या उजेडात मोजणी करीत असे. त्यातून चित्रे बाहेर जात नाहीत, फक्त आकडे जातात. पादचारी, सायकली, मोटारी व अवजड वाहने असे त्याचे वर्ग होते.

असे यंत्र एखादी शाळा किंवा ग्रामपंचायतही जुळवू शकते. तथापि परदेशी रस्त्यावर शिकलेल्या यंत्राला बैलगाडी ठाऊक नसेल, तर आठ भाराचे वाहन नोंदीतून गळेल किंवा भलत्याच वर्गात जाईल. म्हणून यंत्राची आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, वेळोवेळी सुधारावी लागते. सुरक्षिततेतील उणिवा बुजविण्यासाठीही ती अद्ययावत ठेवणे आवश्यक असते.

सुधारणेबरोबर घ्यावयाची दक्षता

समजा, शंभर दुचाकी गेल्या आणि जोडीने जाणाऱ्या दुचाकींमुळे जुन्या आज्ञावलीने ९० मोजल्या. नव्या आज्ञावलीने त्याच ठिकाणी ९९ मोजल्या. रस्त्यावर एकही वाहन वाढले नसताना कागदावर वाहतूक दहा टक्क्यांनी वाढली. या आकड्याच्या आधारे ग्रामसभेने ठराव केला आणि पुढे अभियंत्यांच्या तपासणीत तो टिकला नाही, तर शाळेसमोरील खरी अडचणही संशयाच्या फेऱ्यात सापडते. नुकसान होते ते रस्ता ओलांडणाऱ्या मुलांचे.

हे टाळणे अवघड नाही. सुधारणेपूर्वी जुने स्मृतिकार्ड जसेच्या तसे काढून ठेवावे आणि नवी आज्ञावली दुसऱ्या कार्डावर उतरवावी. हे काम चालू असताना वीज गेल्यास कार्डावरील मजकूर बिघडू शकतो. म्हणून भारनियमनाची वेळ टाळावी. या लहान संगणकांपैकी अनेकांत बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते, ते इंटरनेटवरून वेळ घेतात. जोडणी नसेल तर सकाळची गर्दी दुपारच्या रकान्यात नोंदली जाते. तेव्हा यंत्र पुन्हा सुरू करताच घड्याळ तपासावे. जोडणीचा परवलीचा शब्दही बदलून घ्यावा.

सर्वांत महत्त्वाचे काम माणसांचे आहे. सुधारणेच्या आधी एक तास आणि नंतर एक तास, सारख्याच वारी व वेळी, दोन जणांनी रस्त्याकडेला सुरक्षित जागी बसून हाताने मोजणी करावी. यंत्राचा व हाताचा आकडा नोंदवहीत शेजारी शेजारी लिहावा आणि आज्ञावली बदलल्याची तारीख लाल शाईने नोंदवावी. दोन्ही वेळचा फरक कळला म्हणजे आधीचे आणि नंतरचे आकडे कितपत ताडून पाहता येतील, हे ठरविता येते. ताडून पाहता येत नसतील, तर तसे स्पष्ट लिहावे. कॅमेरा केवळ रस्त्याकडे वळलेला आहे, कोणाच्या अंगणाकडे नाही, याचीही खात्री त्याच वेळी करून घ्यावी.

शाळेतील वरच्या वर्गांना शिक्षकांच्या देखरेखीखाली हे काम देता येईल. बेरीज, टक्केवारी आणि सरासरी यांचा तो प्रत्यक्ष पाठच होय. ग्रामपंचायतीने ही नोंदवही दप्तरात जपून ठेवावी आणि रस्त्याविषयीच्या प्रत्येक ठरावाबरोबर तिची प्रत जोडावी. अधिकाऱ्यांनीही केवळ एकूण आकडा न मागता मोजणीची पद्धत व तीत झालेले बदल मागवावेत. असे झाल्यास गावाने घरी जुळविलेल्या यंत्राच्या आकड्यांनाही कार्यालयात योग्य ते वजन प्राप्त होईल.