सापाचं बिल
(अकोट येथे प्रभागसंघाच्या बैठकीत एका सीआरपी ताईंनी मांडलेला विषय)

बायांनो, बचतीचा हिशेब नंतर घेऊ. निंदणाचे दिवस आले, म्हणून आधी सापाचं बोलते. हसू नका. आपल्या गटातल्या एकीचं घर सापानं नाही, सापाच्या बिलानं बसलं.

दोन वर्षांमागची गोष्ट. पोळ्याच्या आधी ती पऱ्हाटीत निंदत होती, हाताला घोणस चावली. वावरातून तिला आधी मंत्र घालणाऱ्याकडे नेलं. तिथं दोन घंटे गेले. हात कोपरापर्यंत सुजला, हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तेव्हा जो खाजगी दवाखाना आधी दिसला तिथं नेलं. आधी 20 हजार भरा म्हणाले. डोरलं गहाण गेलं, बाकीचे सावकाराकडून आणले. घोणशीचं विष किडनीवरही जाते, तिला डायलिसिस करावं लागलं. जीव वाचला.

त्या दिवशी गटाच्या खात्यात पैसे होते. मीच सचिव होती. तिची जाऊ दारात आली, तर मी म्हटलं, कर्ज बैठकीतच मंजूर होते, आठ दिवसांनी पाहू. नियमानं बरोबर होतं. पण ते मले अजून सलते.

बिल एकदा दिसते, पण बाकीचा खर्च कोणी वहीत लिहित नाही. सोबत राहणाऱ्या सासूची मजुरी बुडाली. एसटीचं भाडं, बाहेरचा डबा, निंदणाविना राहिलेलं वावर. पोरगी बारावीत होती, ती मजुरीला लागली. वरून लोकं म्हणत, नागपंचमीला वावरात गेली, मग काय होईल! तिची बोटं अजून नीट वळत नाहीत, कापूस वेचायला तिला कोणी बोलावत नाही. साप चावला तिलेच, अन् दोषही तिलेच.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2017 मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातलं. आपल्या देशात वर्षाला सरासरी 58 हजार माणसं यानं मरतात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. बहुतेक खेड्यातली. दुर्लक्षित काहून, ते वेगळं सांगायची गरज नाही.

आता कामाचं ऐका. सापाची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही विषारी सापांवर एकच लस चालते, म्हणून साप मारून न्यायच्या मागे लागू नका. 108 ला फोन करा. ग्रामीण रुग्णालयातून गरज पडली तर अकोल्याच्या सर्वोपचारला पाठवतात. तिथं काचेच्या नळीत रक्त घेऊन 20 मिनिटं ठेवतात. गोठलं नाही तर विष रक्तात भिनलं, असं समजते. चावल्याबरोबर बांगड्या, अंगठी, जोडवी काढा, सूज आल्यावर निघत नाहीत. दोरी आवळू नका, चिरा देऊ नका, हात-पाय काडीला बांधून हलू देऊ नका. मण्यार रात्री झोपेत चावते, दुखतही नाही. पहाटे पोट दुखलं, पापण्या जड झाल्या तर अपचन समजून ओवा देत बसू नका.

मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून 2 लाख मिळतात, पण घरात कोणाच्या तरी नावानं सातबारा लागते. भूमिहीन मजूर बाई त्यात बसत नाही. म्हणजे दुसऱ्याच्या वावरात वाकून निंदणारी, जिले चावायची भीती सगळ्यात जास्त, तीच बाहेर. हे ग्रामसभेत बोलायला पाहिजे, मी बोलणार आहे.

ग्रामसंघाकडे जोखीम प्रवणता निधी आहे, तो अशाच वेळेसाठी आहे. पण त्यालाही बैठक लागते. म्हणून माझा ठराव असा: दवाखान्याचं काम असेल तर अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष यांच्यातल्या दोघींच्या सहीनं 5 हजारापर्यंत त्याच दिवशी द्यावे, नोंद पुढच्या बैठकीत. रात्री बँक बंद राहते, म्हणून थोडी रोकड कोषाध्यक्षाकडे पेटीत राहू द्या. कोणी म्हणेल, पैसे बुडले तर? त्या बाईनं सावकाराचं सगळं फेडलं, गटाचा एक हप्ताही चुकवला नाही. पासबुक पाहून घ्या.

ठरावाचा कागद लेखापालताईकडे आहे. ज्यांना पटलं त्यांनी जेवणाच्या आधी सही करा. ज्यांना नाही पटलं त्यांनी आत्ता बोला, बाहेर चपला घालताना नको.